कोवळीच पानं पिवळी

"बाळंतीण असून बांधीत पाय ठेवला, म्हणूनच पिवळं पडलं न धान!" सासूबाईंनी उपटून आणलेलं रोप माझ्यापुढे टाकलं. वाऱ्यानं उडालेलं लेकीचं झबलं आणायला मी घरामागच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, उतरले होते, एकदाच.

मी रोप उचलून पाहिलं. जुनी पानं हिरवी होती, कोवळीच पिवळी पडली होती. "मामाजी, युरिया नका वाढवू. गंधक कमी पडलंय. माझ्या माहेरी असंच झालं होतं."

"तू दीड महिन्याचं लेकरू सांभाळ, पोरी. धानाचं मी पाहतो," म्हणत सासऱ्यांनी युरियाची आणखी एक पाटी फेकली. पानं पिवळीच राहिली.

पुढच्या आठवड्यात भाऊ बाळंतविडा घेऊन आला. झबल्या-टोपड्यांखाली मी मागवलेली गंधकाच्या खताची पिशवी होती. घरचे सगळे लग्नाला गेले, त्या दुपारी लेकीला पाजून निजवलं, पदर खोचला आणि बांधीभर खत फेकलं. कान मात्र पाळण्याकडे होते.

पंधरा दिवसांत कोवळी पानं हिरवीगार झाली. सासूबाई बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून हसतच आल्या. त्यांनी आधी नातीची दृष्ट काढली, मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पाहिलं? तू घरात राहिली, अन् धान कसं सुधरलं! आता पुढल्या रोवणीपर्यंत तिकडे फिरकू नको, माय."

मी मान हलवली. लेक माझं बोट धरून निजली होती. मीच बांधीत उतरून खत टाकलं असं सांगितलं असतं, तर तेच हिरवं धान त्यांना उद्या पुन्हा पिवळं दिसलं असतं.