रंगाखालची पिन

फुटलेल्या नळाचा तुकडा पुंडलिक फिटरने स्वतःच्या खांद्यावरून वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत आणला होता. त्या नळाच्या वाफेने आठ दिवसांपूर्वी वेल्डर दौलतचा जीव घेतला. वर जो तो म्हणत होता, "आपल्याच हाताच्या जोडानं मेला." पुंडलिकला ते सोसवत नव्हतं. तीस वर्षं दोघे एका डब्यात जेवले होते.

धातू तपासणाऱ्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला. "काकाजी, तुमचा दोस्त सुटला. जोड शाबूत आहे. नळ वळणावर फुटला."

"मी म्हणतच होतो! पण मंग फुटला कायनं?"

"पोलादात बारीक कण असतात, तेच त्याला तापात धरून ठेवतात. या वळणावर वर्षानुवर्षं जास्तीचा ताण होता. त्यानं कण जाडावले, पकड सुटली, अन् पोलाद मुंगीच्या पावलानं ताणलं गेलं." त्यांनी टेबलावर एक पिन ठेवली. तिच्यावर रंगाचे चार थर होते. "नळ टांगायच्या स्प्रिंगमध्ये ही तशीच राहिलेली. स्प्रिंग हललीच नाही, सगळा भार नळावर. कोणाच्या हातून राहिली असेल?"

पुंडलिकने पिन हातात घेतली. बारा वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या वेळी स्प्रिंग हलू नये म्हणून ती पिन त्यानेच घातली होती. वाफ सोडण्याआधी काढायचीही त्यानेच होती.

मॅडमनी अहवालाचा कागद पुढे ओढला.

"आधी दौलतचा जोड चांगला होता, ते लिहा," तो म्हणाला. "मंग पिनेपुढं माहं नाव लिहा."