विरजणाची वाटी

"दादा, आज डॉक्टरांना सांगायलाच हवं. अजून एक केमो, की उपचार थांबवून हॉस्पिसमध्ये शेवटचे दिवस शांतपणे?" बहीण फोनवर मोठ्याने विचारत होती. मी गॅलरीत नुसत्या येरझारा घालत होतो. केमो आईला झेपत नव्हती, आणि हॉस्पिसचं नाव तिच्यासमोर काढायचं कुणी?

आत आई भिंत धरत फ्रिजपाशी पोचली. दर केमोला निघताना ती विरजणाची वाटी शेजारच्या काकूंकडे सांभाळायला द्यायची. घरी आली की आधी ती परत मागायची.

काकू दारात उभ्याच होत्या. "आणा. सांभाळते नेहमीसारखी."

"सांभाळू नका, वापरा," आई म्हणाली. "आता मी मागायला येणार नाही."

मग माझ्याकडे वळली. "ते हॉस्पिस का काय, तिथे ताजं दही मिळतं का, विचार तिला."