आत नेलेलं

अभयारण्याच्या फाटकावरचा पहारेकरी गेला, आणि त्याच्या अस्थींचा डबा उराशी धरून त्याची बायको परवाना कार्यालयात खेटे घालू लागली. आतल्या तळ्यात सोडा, एवढं एकच मागणं त्याने मागे ठेवलं होतं.

"वहिनी, अगदी वरपर्यंत विचारून झालं," साहेब ओशाळून म्हणाले. "डबा आत न्या, तळं दाखवा. पण आत नेलेलं सगळं बाहेर आणावं लागेल. नियमच आहे तसा."

"मला सांगताय?" ती म्हणाली. उठताबसता ऐकून तिला तो नियम पाठ झाला होता. विसरलेल्या एका संत्र्याच्या सालीपायी नवऱ्याने भल्याभल्यांना तळ्यापर्यंत माघारी पिटाळलं होतं.

तळ्याकाठी ती एकटीच होती. बघायला कुणी म्हणता कुणी नव्हतं. तिने झाकण उघडलं, मूठ भरली, हात पाण्यावर नेला. तो तिथेच थबकला.

संध्याकाळी फाटकावर नव्या पहारेकऱ्याने खाली बघतच विचारलं, "सगळं परत आणलंत ना, काकू?"

"आणलं की," डबा पदराने पुसत ती म्हणाली. "हे टाकू देतील तर ना!"