छकुलीची तयारी

आत्याने भावजयीच्या हातातला कंगवा काढून घेतला.

"तेरा वर्षांची घोडी झालीय ही," ती म्हणाली. "परवापासून हायस्कूल. तिथेही वेणी घालायला तूच जाणार आहेस का?"

भावजयीने रिकामे हात मांडीवर ठेवले. अर्धी वेणी घातलेली मुलगी दोघींच्या मध्ये तशीच बसून राहिली. भावजयीचं हेच आत्याच्या डोक्यात जायचं. टाकून बोललं तरी उत्तर नाही, आवाज चढवला तरी राग नाही. भिंतीशी बोलल्यासारखं.

आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या हाताखालून पोरांच्या कित्येक पिढ्या गेल्या होत्या. पोरांबद्दल तिची तक्रार नव्हती. किळस यायची ती आईबापांची. लेकाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन येणारे बाप. शाळेच्या फाटकाशी पदर डोळ्यांना लावणाऱ्या आया. 'आमचा जरा हळवा आहे हो' म्हणून कौतुकाने सांगणारे. पोरांना शिकवता येतं, आईबापांना फक्त बाजूला करता येतं, असं ती नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी सुनावायची. त्यामुळे छकुलीचं हायस्कूल सुरू होतंय, आमच्याच्याने काही होत नाही, तू येऊन जरा बघ, असा भावाचा फोन आला तेव्हा तिने लगेच बॅग भरली.

भाऊ छापखान्यात होता, पहाटेच्या पाळीला जायचा. बायकोची तब्येत बरी नसते, असं तो अधूनमधून पुटपुटायचा. काय होतं म्हणून विचारलं की विषय बदलायचा. ताप नाही, खोकला नाही, कुठे सूज नाही. आत्याच्या लेखी या आजाराला एकच नाव होतं. नाटकं.

आणि इथे येऊन बघते तर घराची ही तऱ्हा. मुलगी सकाळी टक्क जागी असायची, पण आई येऊन हलवेपर्यंत अंथरुणात पडून राहायची. गळ्याशी बटण लागत नाही म्हणायची. डब्याचं झाकण निघत नाही म्हणायची. मग आतल्या खोलीतून चुरगळलेल्या गाऊनमध्ये, पाय ओढत आई यायची आणि एकेक करून देत बसायची. एकीला हात नाहीत आणि दुसरीला कणा नाही, असं आत्याने भावाला तोंडावर सांगितलं. तो नेहमीसारखा जमिनीकडे बघत राहिला.

आठवडाभर आत्याने सगळ्यांना फैलावर घेतलं. भावजयीने कशालाही हात लावायचा नाही, असा हुकूमच काढला. मुलीने एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लावलं नाही. बटणं लागली, झाकणं निघाली, दप्तर भरलं गेलं. नव्या शाळेपर्यंत बसने एकटी जाऊनसुद्धा आली. इतक्या पटकन सुधारलेली पोर आत्याने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. याचं श्रेय तिने अर्थात स्वतःकडे घेतलं.

अडलं होतं ते फक्त वेणीपाशी. माझा हात मागे पोचत नाही, असं म्हणून मुलगी रोज आईला हाक मारायची. आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणारी ती बाई तेवढ्यासाठी बाहेर यायची. लेकीच्या केसांत तिची बोटं अशी झपाझप चालायची की ती नाटकं करते याची आत्याला खात्रीच पटली.

शाळेच्या आदल्या दिवशी आत्या मुलीला घेऊन पार्लरमध्ये गेली. मानेपर्यंत काप, तिने पार्लरवालीला सांगितलं. मुलगी खुर्चीत बसली आणि आठवड्यात पहिल्यांदाच अडून राहिली. केस नका ना कापू, म्हणाली. वेणी आईला लागते.

"आईला लागते की तुला?" आत्याने विचारलं.

पार्लरवाली खुदकन हसली. मुलगी आरशातून आत्याकडे बघत राहिली. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. पण परक्या बाईसमोर ते तिला बोलवेना. तिने मान खाली घातली आणि कात्री चालू झाली.

घरी आल्यावर भावजयीने लेकीच्या उघड्या मानेवर हात ठेवला. क्षणभरच. छान दिसतंय, म्हणाली आणि आत निघून गेली. आत्या दोन शब्द ऐकायच्या तयारीने उभी होती. भांडायचीसुद्धा धमक नाही, असं म्हणत तिने नाक मुरडलं.

सकाळी आत्या उठली तेव्हा भाऊ कामावर गेला होता. मुलगी नव्या गणवेशात तयार होती. बूट घातलेले, केस नीट विंचरलेले. आत्याला भरून आलं. बारक्या भावाच्या संसारात निदान एक तरी माणूस तिने उभं केलं होतं.

मग मुलीने गॅस पेटवला. चहा उकळला, गाळला. रोजचंच काम असल्यासारखा हात वर घालून फडताळातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी बशीत ठेवली आणि ती आईच्या खोलीत गेली. बराच वेळ तिचा हळू आवाज येत राहिला. दुसरा आवाज आलाच नाही. ती बाहेर आली तेव्हा कप भरलेला होता आणि गोळी बशीतच होती.

"लेकीचा पहिला दिवस आणि ही अजून लोळतेय?" आत्या म्हणाली.

मुलीने कप ओट्यावर ठेवला. दाराशी खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. हे काय चाललंय, बस चुकेल, आत्या म्हणाली. मुलीने वर बघितलं नाही.

"मला सगळं येतं, आत्या. आधीपासूनच येतं," ती म्हणाली. "माझी वेणी घालायला तरी ती उठायची."