आधी मागं कोण सरलं

गुंडातात्या आणि मुजीबचाचा आले ते एकाच मोटारसायकलवरून, पण गावापासून रहिमतपूरपर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. क्रांतीच्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढून एक खिडकीशी बसला, दुसरा दाराशी. मधला सगळा क्लास मोकळा.

पहिल्या शनिवारी इथं उभं राहायला जागा नव्हती. आपल्या भागात भांडणं कशी मिटली, माणसं पुन्हा एकत्र कशी आली, हे इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात आपणच लिहायचं, आणि फुकट लिहायचं, असं क्रांतीनं सांगितलं तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. पोहे संपले तशी माणसंही पांगली. टिकले ते हे दोघं. गुंडातात्या सैन्यातून परतलेले ऊसवाले, मुजीबचाचा गाद्या-उशांचे दुकानदार, चड्डीत होते तेव्हापासूनचे दोस्त. एका बोटानं टाइप करत त्यांनी आपल्या गावाचं पान उभं केलं आणि आता त्याच पानावर दोघांची जुंपली होती.

चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या गावात गणपतीची मिरवणूक आणि मोहरमचा ताबूत एकाच संध्याकाळी एकाच बोळात समोरासमोर आले. काठ्या निघाल्या. मग एक बाजू मागं सरली, तिच्या पाठोपाठ दुसरीही सरली आणि रक्त सांडायचं राहिलं. आधी कोण सरलं, एवढं एक वाक्य हा लिहायचा आणि तो पुसायचा. आठवडाभर क्रांतीच्या फोनवर तीच वर्दी: गुंडातात्यांनी मुजीबचाचांचं काढलं, मुजीबचाचांनी गुंडातात्यांचं काढलं. क्लासच्या परीक्षा चालू होत्या, पान उघडून वाचायला तिला सवड कुठली! वाचायची गरजही वाटली नाही. ज्याला त्याला आपलंच घोडं पुढं दामटायचं असणार, दुसरं काय?

आज सकाळी मात्र ज्ञानकोशाच्या प्रचालकांचा, म्हणजे तिथल्या राखणदारांचा, निरोप आला. संध्याकाळपर्यंत ही पुसापुशी थांबली नाही तर पानाला कुलूप आणि दोघांनाही महिनाभर बंदी. एकदा घरी बसवलेला साठीचा माणूस पुन्हा जिना चढत नाही, हे क्रांतीला पक्कं ठाऊक होतं. हे दोघं गेले की तिच्याकडं लिहिणारं कुणीच उरणार नव्हतं.

तिनं मनाशी घोकलेलं भाषण काढलं.

"तात्या, चाचा, आपल्या माणसांचा अभिमान सगळ्यांनाच असतो. पण दुसऱ्याच्या वाडवडिलांनाही थोडं..."

"कसला अभिमान गं?" गुंडातात्या उसळले. "ह्यो माज्या चुलत्याचं नाव घालतोय, म्हणून मी काडतोय! ह्येचा बाप, शमशेरचाचा, त्यो आदी मागं सरला. ताबूत वळवला त्येनं. म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय."

"वळवला, पर कवा?" मुजीबचाचाही उठले. "ह्येच्या चुलत्यानं, जोतीरामअण्णानं, गणपतीची गाडी मागं घेतली, तवा! अब्बा मरंस्तवर त्येच सांगत हुते."

"तुजा बाप लय भला माणूस. त्यो दुसऱ्याचंच सांगणार!"

"आन् तुजा चुलता काय वाईट हुता व्हय रं?"

क्रांती दोघांकडं आळीपाळीनं बघतच राहिली. तिला हसूही फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. असलं भांडण तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आनंदाच्या भरात तिनं पानावर लिहूनच टाकलं, 'दोन्ही बाजू एकाच वेळी मागे सरल्या,' आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

आठवडाभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"ह्ये न्हाई चालायचं," मुजीबचाचा म्हणाले.

"साफ चुकीचं हाय," गुंडातात्या म्हणाले. "सगळी एकदम मागं सरत न्हाईत, पोरी. कुणीतरी आदी सरतंया. समोर काठ्या उगारलेल्या असताना पाठ फिरवायला छाती लागती. त्येचं नाव नगं लागाया?"

क्रांतीनं वाक्य पुसलं आणि लेखाच्या शेजारचं चर्चापान उघडून दाखवलं. आता लेखाला कुणी हात लावायचा नाही. आपापली बाजू इथं मांडायची, खाली सही करायची. पुरावा मिळाला आणि सगळ्यांना पटलं, की मगच लेखात घालायचं.

"म्हंजी हितं भांडलं तर चालतंय?" गुंडातात्यांनी खात्री करून घेतली.

"चालतंय की. त्यासाठीच आहे ते पान."

"आन् साक्षीदार?"

"त्यांनाही लिहिता येईल. फक्त ज्याचं त्यानं खातं उघडायचं."

एवढं ऐकायचा अवकाश, तात्यांनी भावकीतल्या एकाला फोन लावला. "नानासो, हाईस तसा ये. शमशेरचाचाची बाजू पडाया लागलीया!" मुजीबचाचा काय कमी? त्यांनी बहिणीला गाठलं. "सबीना, रिजवानच्या गाडीवर बस आन् नीघ. ह्यो गुंड्या अण्णांचं नाव पुसतोय."

दिवस कलायच्या आत जिन्यावर चपलांचा ढीग पडला. शमशेरचाचांच्या बाजूनं गुंडातात्यांची निम्मी भावकी आली, तर जोतीरामअण्णांच्या बाजूनं अख्खा मोहल्ला. माझं खातं आधी, म्हणून सबीना आणि नानासो यांची हमरीतुमरी चाललेली. भावकीतल्या चंद्राबाईंना लिहिता येत नव्हतं, पण फोनमध्ये बोललं की अक्षरं उमटतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून त्या थांबायचं नाव घेईनात. सगळ्यांचे पासवर्ड ठरवता ठरवता क्रांतीचा घसा बसला.

तेवढ्यात तिच्या फोनवर प्रचालकांचा निरोप आला. 'वाद मिटला का?'

तिनं तो सगळा कल्ला डोळे भरून पाहिला आणि उत्तर टाकलं.

'लेखाला आता कुणी हात लावत नाही. पण वाद एवढ्यात मिटवू नका. माणसं वाढतायत.'