छातीशी

रेवतीचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि थेट काचेच्या पेटीत गेलं. एकोणीस दिवस ती त्याला बाहेरूनच पाहत होती. पान्हा फुटायचा, हात मात्र रिकामे. देवाला रोज एक नवा नवस बोलायची.

त्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, “आज बाळाला छातीशी घ्या.”

रेवती मागे सरली. “नको. माझ्या हातून काही झालं तर?”

“अगं, इतके दिवस ज्यानं सांभाळलं, तो आत्ताच सोडेल का?” सासूबाई म्हणाल्या. “घे बाई.”

तिनं गाऊनची गाठ सोडली. मुठीएवढं डोकं तिच्या गळ्याखाली विसावलं. बाळाचा श्वास अजून अडखळतच होता; घरी कधी जायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“देवा, तुझाच आहे हा,” ती पुटपुटली. “तू सांभाळ. मी नुसती धरून बसते.”

आणि बसल्या जागी, कितीतरी दिवसांनी, तिचा डोळा लागला.