टाकीतलं इंधन

पडद्यावरचा आकडा स्थिर झाला, तसा एकनाथरावांनी चष्मा सावरून तो पुन्हा पाहिला. करंजाच्या तेलाचं मिश्रण घालूनही इंजिनाची कार्यक्षमता निव्वळ डिझेलइतकीच भरली होती.

"कमाल आहे!" ते म्हणाले. नारायणगुड्यातल्या कॉलेजच्या या प्रयोगशाळेत ते बस कंपनीच्या वतीनं आले होते. इंधन पसंत पडलं, तर त्यांच्या गाड्या त्यावर धावणार होत्या.

रेणूनं आपल्या मार्गदर्शक अनुराधा मॅडमचा हात घट्ट धरला. "मॅडम, जमलं! हौ ना, जमलं आपलं!" मिश्रण तिचं होतं. पीएचडीची सगळी वर्षं तिनं त्यात घातली होती, आणि दर वेळी ते डिझेलच्या थोडं मागंच राहत होतं.

अनुराधानं हात सोडवून घेतला. सकाळी रेणू यायच्या आधी मिश्रणाच्या टाकीत साधं डिझेल तिनंच भरलं होतं.

रेणू हसत हसत धुराच्या नळीपाशी गेली आणि थबकली. करंजाचा कडवट वास येत नव्हता. तिनं वळून मॅडमकडे पाहिलं. अनुराधानं नजर चुकवली.

"या वेळी वेगळं काय केलंत?" एकनाथरावांनी विचारलं.

"चुकलं, साहेब," रेणू म्हणाली. "टाकीत डिझेल गेलंय. गडबडीत माझ्याकडूनच भरलं गेलं असणार."

"अहो, एवढ्या चाचणीला असा हलगर्जीपणा? पुढं तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

रेणू मान खाली घालून ऐकत राहिली. अनुराधाचे कान तापले. नुसतं गप्प राहिलं, तरी सगळं निभावून जाणार होतं. तेच तिला सहन होईना.

"तिनं नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "मी भरलं. जाणूनबुजून."

रेणूनं इंजिन बंद केलं, टाकी रिकामी केली, आपलं मिश्रण ओतलं आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. कुणाची परवानगी घेतली नाही. उठायला निघालेले एकनाथराव परत खुर्चीत टेकले.

आकडा आला. डिझेलपेक्षा कमी.

रेणूनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. मग अनुराधाकडे न बघता म्हणाली,

"लिहून घ्या, मॅडम."